कवडीची ऊब आणि माझा हिस्सा

आधी एक चूक दुरुस्त करते. दिनांक ८ ऑगस्ट २०२५ च्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं, की माझा साप जायफळ याला चुलती धुरपदाबाई यांनी जाणूनबुजून भाजून मारलं. ते खरं नव्हतं. ते मृत्युपत्र रद्द करून हे लिहीत आहे.

मी, शिवांजली हिंमतराव नलवडे, वय २६, राहणार सोनारी, तालुका परंडा, जिल्हा धाराशिव, पूर्ण शुद्धीत आहे. येत्या १६ तारखेला सोलापूरला माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. शाळेआधी मला लिहायला आजोबांनी घरीच शिकवलं. ते तहसिलीबाहेर दस्त लिहीत. म्हणून मागाहून काही घुसडायला दोन ओळींत कुठंही जागा सोडलेली नाही. माझा भाऊ रणधीर यानं ती शोधू नये.

कलम १. जायफळ आणि कवडी हे आफ्रिकेतले लहान अजगर. दोघांची वन विभागाकडं रीतसर नोंद आहे. त्यांच्या काचेच्या पेट्यांखाली ऊब देणारी विजेची चटई असते. नागपंचमीला आमच्या घरी चुलीवर तवा चढत नाही. त्या सकाळी चुलती लाह्या घेऊन आल्या, चटईला हात लावला आणि म्हणाल्या, "अगं, आज चुलीवर तवा न्हाई, अन् तू नागोबाच्या पोटाखाली ठेवलास व्हय?" मी "राहू द्या" म्हणून कामावर गेले. माघारी त्यांनी वायर उपसली. ती कोणती, हे त्यांनी मला गेल्या महिन्यात सांगितलं. "जाड वायरीत करंट असतोय, तिचं भ्या वाटलं. म्हणून बारीक उपसली."

बारीक वायर चटईची नव्हती. काच किती तापली हे ती चटई चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटला कळवते. ती गार हवेत लोंबत राहिली, थर्मोस्टॅटला पेटी गारच वाटली, आणि त्यानं चटई बंद केलीच नाही. मी रिकाम्या पेटीवर तसंच करून पाहिलं. चाळीस मिनिटांत काच ४९ अंशांवर गेली. असा साप पोट भाजत असतानाही जागचा हलत नाही. जायफळ सहा दिवसांनी मेला.

चुलती त्याला वाचवायला गेल्या होत्या. ती वायर मी टेपनं चिकटवली नव्हती, नुसती सरकवून ठेवली होती. हा दोष माझा. पण मला न विचारता पेटीला हात लावल्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. हे वाक्य त्यांना वाचून दाखवावं.

कलम २. कवडी, तिची पेटी व सर्व सामान माझी मैत्रीण दैवशाला, राहणार तेर, हिला द्यावं. तिनं पुढीलप्रमाणे वागावं. चटई पेटीच्या बाहेरून, तळाच्या एका तृतीयांश भागालाच लावावी, म्हणजे कवडीला गार बाजूला सरकता येईल. उबदार बाजू ३१ ते ३२ अंश, गार बाजू २६. थर्मोस्टॅटशिवाय चटई एक मिनिटही चालवू नये. त्याची बारीक वायर काच आणि चटई यांच्या मध्ये पक्की चिकटवावी, आणि प्रत्येक वायरीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावं. हातानं अंदाज घेऊ नये, वेगळा थर्मामीटर ठेवावा. पेटीच्या आत बल्ब नको, तापवलेला दगड नको. लाईट गेली तर कोळशाची शेगडी जवळ आणू नये. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवावी, आणि हवेची भोकं सोडून गोधडी घालावी.

कलम ३. रणधीर दिवाळीपासून म्हणतो आहे, "हक्कसोडपत्रावर सही कर. न्हाई तर तू दवाखान्यात गेलीस की ते जनावर उसात सोडून देतो. ऊब पाहिजे म्हणं त्याला! आमाला कोण चटई हांथरायलंय थंडीत?" त्यावर घरातले सगळे हसले. कवडी या थंडीत उसात चार रात्री काढणार नाही, हे त्याला मी दोनदा सांगितलं आहे. म्हणून तो बोलतो.

मी सही केलेली नाही, करणार नाही. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर माझ्या नावे लागलेली एक एकर दहा गुंठे जमीन मी चुलती धुरपदाबाई यांना देते. चुलते वारले तेव्हा रणधीरनं चुलतींकडून असाच अंगठा घेतला होता. आता बांधावर पाय ठेवायला त्यानं त्यांना विचारावं. चुलती, तुम्ही या वेळी कशावरही अंगठा उठवू नका.

कलम ४. रणधीरला मी शंभर वॅटचा बल्ब देते. मागच्या थंडीत कवडीच्या पेटीत आतून लटकवायला त्यानंच तो आणला होता. खोक्यासकट माझ्या कपाटात आहे. याशिवाय त्याला काही नाही.

दैवशालाला यातून मिळणार असल्यानं तिला साक्षीदार केलेलं नाही. खालील दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली आहे.

शिवांजली हिंमतराव नलवडे

साक्षीदार:
१. ईरण्णा शरणबसप्पा कोरे, सेतू केंद्र, परंडा
२. तारामती बिरदेव वाघमोडे, सोनारी

ठिकाण: सोनारी
दिनांक: १० जानेवारी २०२६

सहीनंतर जोडते: कलम २ साठी माझ्या मरणाची वाट पाहायची नाही. वन विभागाकडं हस्तांतराचा अर्ज दिला आहे. दैवशाला गाडी घेऊन येणार आहे. रणधीर तेव्हा कारखान्यावर असतो आणि ऊनही असतं. कवडीला कापडी पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात घालून मी स्वतः तेरला पोचवणार आहे, सोमवारी, १२ जानेवारी २०२६ रोजी, दुपारी एक वाजता.