पहिल्याच हाकेला

२ डिसेंबर १९९६

कुवेतमध्ये, अहमदीच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायला आलो त्या संध्याकाळी घरात एक खुर्चीसुद्धा नव्हती. यांनी वर्कशॉपमधून एक लाकडी खोका आणून पालथा घातला आणि एकाच पातेल्यातून आम्ही खिचडी खाल्ली. मीठ घालायचं मी विसरले होते. पातेलं रिकामं झाल्यावर हे एवढंच म्हणाले, उद्या मीठ आणतो. समोरच्या इंग्रज साहेबाच्या अंगणात एक ट्रेलर उभा होता, खिडक्यांना फुलांचे पडदे. हे म्हणाले, रिटायर झालो की असलंच घर घेऊ, चाकांवरचं. शेजारणीशी तुझं बिनसलं की शेजारीण बदलता येईल.

त्याला बावीस वर्षं झाली. आता ट्रेलर आहे, पडदेही मीच शिवले. देश सोडून जाणाऱ्या कुणाकडून जुना घेतला, आत अजून त्यांच्या कुत्र्याचा वास येतो. जानेवारीअखेर इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपतो, मग कायमचं देवरुख. तोपर्यंतचा हिवाळा असा फिरत काढायचा ठरवलाय. आधी खिरानचा समुद्र पाहिला, आणि आज वफ्राच्या रस्त्यावरून आत, वाळवंटात आलो. सगळीकडे लोकांचे तंबू, पोरांचे पतंग. हे ट्रेलरची पातळी सारखी करत बसलेत. चहा ओतून तीनदा हाक मारली. "आलो, आलो" म्हणतात आणि हलत नाहीत. लग्न झाल्यापासून हेच. चहा गार करून प्यायची यांना सवयच झाली आहे.

८ डिसेंबर

शेजारचा तंबू यूसुफ नावाच्या गृहस्थांचा. यांच्याच वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, कुवेती, हिंदी छान बोलतात. इथल्या रीतीप्रमाणे मला उम सुयोग म्हणतात, म्हणजे सुयोगची आई. माझं लिंबाचं लोणचं त्यांनी खुबूसबरोबर, म्हणजे इथल्या रोटीबरोबर, खाल्लं, डोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा मागितलं.

त्यांनी आम्हाला तारेचं कुंपण दाखवलं. पलीकडे युद्धातल्या जळलेल्या तेलविहिरींनी काळी झालेली जमीन आहे आणि पेरलेले सुरुंग अजून पुरते निघालेले नाहीत. तिकडे पाऊल टाकायचं नाही. मग धुक्याचा विषय निघाला. त्यांचे आजोबा मेंढ्या घेऊन हिंडत. धुक्यात माणूस हरवला तर "अरे भाऊ" अशी हाक मारायची नाही, त्याचं नावच घ्यायचं, असं घरात शिकवलेलं. भाऊ म्हटलं की जो जवळ असेल तो येतो.

त्यांनी हसत विचारलं, तुम्ही यांना काय म्हणता? मी सांगितलं, आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, नुसतं अहो म्हणते. यूसुफनी पेला खाली ठेवला. हे मात्र खो खो हसले. म्हणाले, इतकी वर्षं ही अहो म्हणते आणि मीच येतो, दुसरा कोण येणार हिच्या हाकेला?

१४ डिसेंबर

सकाळी दार उघडलं तर बाहेर वाळवंट नव्हतं. पायरीच्या पुढे सगळं पांढरं. हे म्हणाले, गाडीची काच रात्री उघडी राहिली, लावून येतो. गाडी चार पावलांवर.

चहा झाला. मी हाक मारली. "आलो, आलो" आवाज आला, पण गाडीकडून नाही. कुंपणाच्या बाजूने, फार लांबून. दारात उभी राहून अहो, अहो ओरडत राहिले. नाव घ्यावं असं वाटलं, जीभ उचलली नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, वर्गात शेक्सपिअर शिकवला, पण सासूबाईंनी घातलेलं हे वळण काही सुटलं नाही.

मग पायरीशी हे उभे दिसले. रस्त्याच्या बाजूने आले. मी रडले, खूप बोलले. ते ऐकून घेत उभे राहिले.

माझी शाल दारातल्या दारात भिजली होती. यांचा स्वेटर कोरडा होता.

१६ डिसेंबर

तब्येत बरी नसावी असं वाटतं. गप्प आहेत. समोर घडीच्या खुर्चीत बसून राहतात, तोंड ट्रेलरकडे. चहा गरम पितात, वाफ निघत असताना, एका घोटात. काही सांगितलं की लगेच करतात. आणि अहो म्हटलं की येतात. पहिल्याच हाकेला. शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत तो माझ्या मागे उभा असतो.

वरचं वाक्य आत्ता वाचलं. यांना मी कधी एकेरी लिहिलेलं नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

सबाह अल-सालेमहून सुयोग, सूनबाई रुपाली आणि नात समिधा आले. सुयोगने गाडी मागे घेताना पाण्याची टाकी पाडली, तरी वडील काही बोलले नाहीत. सुयोग खूश होऊन म्हणाला, आई, बाबा सुधारले की, हे आधी का नाही झालं? रुपालीनेही हसून दुजोरा दिला, म्हणाली, रिटायरमेंट मानवली.

समिधा सहा वर्षांची. एरवी आबांच्या मांडीवरून उतरत नाही. आज माझा पदर सोडला नाही. का गं म्हटलं तर कानात म्हणाली, "आबा स्मेल्स लाइक नथिंग, आज्जी."

सुयोगला बाजूला घेऊन सांगितलं, हे तुझे बाबा नाहीत. त्याने माझा हात हातात घेतला, फार प्रेमाने. म्हणाला, तू दमली आहेस. पुढच्या शुक्रवारी ट्रेलर जोडून घेऊन जातो, विमानाची तारीखही अलीकडे आणतो. देवरुखला गेलीस की बरं वाटेल.

म्हणजे मी याच्याबरोबर देवरुखला जायचं. शेजारच्या सीटवर हा. आणि ते इथे राहणार, एकटे, नुसत्या स्वेटरवर.

२३ डिसेंबर

दुपारी त्याला म्हटलं, आठवतं का, अहमदीतली आपली पहिली खिचडी, किती खारट झाली होती?

तो म्हणाला, हो ना. फार खारट.

मी आत येऊन तोंडात पदर कोंबला. त्याला फक्त तेवढंच माहीत आहे, जेवढं मी बोलते.

२४ डिसेंबर

पुन्हा धुकं. पायरीवर उभी राहिले आणि यांचं नाव घेतलं. पुंडलिक. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा. घशातून नीट निघालंसुद्धा नाही. पुन्हा म्हटलं.

खुर्चीतला हलला नाही. त्याने मानही वळवली नाही.

कुंपणापलीकडून — "आलो, आलो."

तोच आवाज. तसाच, हातातलं काम न सोडता दिलेला. मी कुंपणापर्यंत धावले. ओरडत राहिले. ते आलो म्हणत राहिले आणि जवळ येत नव्हते. जणू कुणीतरी त्यांना पाऊल उचलू देत नव्हतं. मग धुकं ओसरलं. काळी जमीन, नुसती.

यूसुफना सांगितलं. त्यांनी वेड्यात काढलं नाही. माझ्याबरोबर आले, त्यांच्या उच्चारात पुंदलिक, पुंदलिक म्हणून हाका मारल्या. काही आलं नाही. म्हणाले, ते तुमच्याच हाकेला येतील, पण पलीकडे पाय ठेवू नका. आमच्याबरोबर चला. यूसुफ आज तंबू काढताहेत, सुनेचे दिवस भरत आलेत. जाताना डोळे पुसत होते. मी नाही गेले.

२५ डिसेंबर

सकाळी धुकं विरळ. आवाजही विरळ. एकदाच "आलो" — दुसरं "आलो" आलंच नाही. उशीर होतोय.

मागून तो आपणहून बोलला. प्रथमच. म्हणाला, कुणाला हाक मारतेस? मी इथे आहे ना.

यांचाच आवाज. मायासुद्धा तशीच — जवळजवळ तशीच.

२६ डिसेंबर

धुकं दाट आहे. बहुधा शेवटचं. उद्या सुयोग येईल आणि आम्हाला घेऊन जाईल, मग यांना नावाने हाक मारणारं इथे कुणी उरणार नाही. मी जाते. त्यांना पाऊल उचलता येत नसेल तर मीच जवळ गेलं पाहिजे. सुरुंगाची भीती वाटते. पण त्यांना आलो म्हणायला लावून मी न येणं — ते नाही जमणार.

सुयोग, नीट वाच. पाटल्या रुपालीला. तिने त्या मोडल्या तरी चालतील. यांची हत्यारांची पेटी तुला, आणि ते तुला रागवायचे ते रागवणं नव्हतं. माझं फाउंटन पेन समिधाला. लोणच्याची बरणी यूसुफना पोचव. देवरुखची शिलाई मशीन नर्मदावन्संना, त्यांनी कधी मागितली नाही.

ट्रेलर कुणालाही विकू नको. खुर्चीत बसला आहे त्याला तिकीट काढू नको. त्याला बाबा म्हणू नको. समिधाला सांग, आबा अशी हाक मारायची नाही. मोठ्यांचं नाव घेतलेलं चालतं, आज्जीने सांगितलंय.

कुंपणाच्या आत येऊ नको. बाहेरूनच हाक मार. आई म्हणू नको, बाळा — आई म्हटलंस तर कुणीही येईल. प्रभा म्हणूनही नको. ते लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहून दिलेलं नाव. माझ्या आईने ठेवलेलं वेगळं होतं, तुला कधी सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस. तो दारात येऊन उभा आहे — मी हाक मारलेली नाही — लिहिते, लवकर — माझं माहेरचं नाव