रेघ वरची की खालची

एल्मस्टोक,
३ मार्च २००२

चि. ऑब्रीस,
हेस्टरताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, म्हणजे तब्येत ठणठणीत असणार. दुखलंखुपलं की चार पानं येतात, हे का मला माहीत नाही!

इकडे नदीकाठी पूर अडवायला भिंत घालायची ठरली आहे आणि नगरपालिकेत नुसती जुंपली आहे. भिंतीची उंची ठरणार सत्तेचाळीसच्या पुरावरून, आणि तो कुठवर चढला होता हे सांगणार होडीघाटावरची आपल्या बाबांनी कोरलेली खूण. आपल्या गावात पाण्याची रेघ खाली आणि वर्ष तिच्या डोक्यावर, हा रिवाज. बाबांच्या खुणेला मात्र रेघा दोन, आणि वर्ष मध्ये. पाणी कुठल्या रेघेला होतं, ते इतिहास मंडळाची अध्यक्ष म्हणून येत्या गुरुवारी मला सांगायचंय.

मी खालची सांगणार. वरची धरली तर भिंत वीतभर चढते, आणि काठावरच्या बाबांच्या बाकावर बसून मला नदीऐवजी विटा दिसतील. तुझे एडगर भावोजी गेल्यापासून संध्याकाळी तेवढंच तर एक आहे मला.

तुला काही आठवतं का? नसेल आठवत तरी चालेल.

मफलर घालत जा. माया कमी करू नकोस.
तुझी ताई


पेनझान्स,
५ मार्च

ती. हेस्टरताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

संत्र्याचा मुरंबा पोचला. साखर घालायला विसरलीस. आता कळलं, तुला विसरायची सवयच लागली आहे!

अगं, गावाला इतिहास शिकवतेस आणि घरचाच विसरलीस? ऐन पुरात बाबा होडीत उभे राहून रेघ कोरत होते, आणि त्यांचाच कोट घालून वल्ही धरून बसली होतीस तू. मी माडीवरून बघत होतो. ती वरची रेघ. पाणी उतरल्यावर ते वर्ष कोरायला गेले, तर शिडी वाहून गेलेली. पिंपावर चढूनही रेघेच्या वर हात पोचेना, म्हणून वर्ष खाली कोरलं. झालं! नगराध्यक्ष भडकले, की आकडा लोंबकळतोय, रेघेवर बसला पाहिजे. बाबांनी वैतागून त्याच्याखाली दुसरी रेघ ओढली आणि म्हणाले, घ्या, बसला तुमचा आकडा. दर नाताळला हे ऐकून माझे कान किटले होते.

खालची रेघ धरलीस, तर पुढच्या पुरात बाकामागे राहणाऱ्या मिसेस पार्जिटरच्या स्वयंपाकघरात पाणी शिरेल. तू ठरव. त्या बाकावर रोज बसणारा मी नाही.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा ऑब्री


एल्मस्टोक,
८ मार्च

चि. ऑब्रीस,
आशीर्वाद आज अर्धाच.

वरची सांगितली. झालं समाधान? मिसेस पार्जिटर भर सभेत रडली आणि मग मला घरी नेऊन चहा पाजला. पाणचट होता.

आणि एक कबूल करते. मी काही विसरले नव्हते. वल्ही धरून तळहाताला फोड आले होते माझ्या, विसरीन कशी? तूच विसरला असशील, अशी आशा होती. मेल्या, नको तिथे कशी रे तुझी आठवण शाबूत!

ताई


एल्मस्टोक,
१४ जून २००३

चि. ऑब्रीस,
उरलेला अर्धा आशीर्वाद आज पाठवते आहे.

भिंत झाली. पहिल्या संध्याकाळी बाकावर बसले, तर समोर नुसत्या विटा. मी रडले रे, खोटं कशाला सांगू.

मिसेस पार्जिटरने ते खिडकीतून पाहिलं असावं. तिने पालिकेच्या कारकुनाला असं काही धारेवर धरलं की काल गवंडी आले आणि बाकाच्या चारही पायांखाली दगड बसवून गेले, बरोब्बर वीतभर. आता नदी दिसते, थेट वळणापर्यंत. फक्त माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. एकाहत्तराव्या वर्षी बाकावर पाय हलवत बसते, आणि येणारेजाणारे हसतात.

तू तर माझ्याहून बुटका. लवकर ये, म्हणजे मलाही कुणालातरी हसता येईल. बाकाची डावी बाजू पुसून ठेवली आहे.

वाट पाहणारी,
बाबांच्या आकड्यासारखी लोंबकळणारी
तुझी ताई