रविवारचा फेरा

प्रिय रमण,

काल वहिनींनी तुझा कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि एक गोष्ट सांगितली. तेव्हापासून कशातच लक्ष लागेना, म्हणून लिहितोय.

आपलं बिनसलं ते काय, तर माझ्या शिंकेवरून! चक्रवाकाची जोडी जवळ यावी म्हणून तू दोन तास तलावाकाठच्या बाभळीआड बसला होतास. मी मिरची वाळत घालायच्या पथारीवरून तसाच, त्याच सदऱ्यात आलो. एक नाही, सात शिंका आल्या. सगळा तलाव उडाला.

"तुले कितलांदाव सांगं, मिरचीना कपडा घालीसन नको येत जाऊ!" तू ओरडलास. मीही ऐकून घेणारा नव्हे. "मी काय तुन्हा पाखरंसना नोकर शे का?" म्हटलं आणि तडक घरी आलो.

एवढ्यावरून अख्खा हिवाळा अबोला, आणि पुढे उन्हाळाही! पन्नाशी उलटलेले दोन बाप्ये, आधी कोण बोलणार म्हणून अडून बसले. हसले असतील रे लोक.

दर रविवारी पहाटे तुझी मोटरसायकल माझ्या दारासमोर घडीभर थांबायची. आवाज ओळखायचो मी. वाटायचं, मला डिवचायला येतोस. चहा घेऊन खिडकीमागे बसून राहायचो. एकदा हॉर्न वाजवला असतास तर काय बिघडलं असतं?

काल वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तलाववर जावाना रस्ता तुमना गल्लीमाईन नही शे. तुमना दोस्त मुद्दाम फेरा मारीसन येयेत, तुम्ही बाहेर निंघशात म्हनीसन."

पावसाळ्यात तू गेलास, तेव्हाही मी स्मशानातल्या गर्दीत मागेच उभा होतो. कोणत्या तोंडाने पुढे येणार होतो?

आज पहाटे एकटाच तलावावर गेलो. बदकं आलीत. शेकाट्या चिखलात लांब पाय टाकत फिरत होत्या. चक्रवाकाची जोडी अगदी समोर उतरली. फोटो काढला, तो हलला. "बघ," म्हणून वळलो, तर शेजारी कोणी नाही. फार एकटं वाटलं, रमण. पक्षी बघायला मी कधी येतच नव्हतो, तुझ्याबरोबर बसायला यायचो, हे तुला कधी सांगितलंच नाही.

आता दर रविवारी जाईन, पक्षी परत जाईपर्यंत. फोटो हलले तरी वहिनींना दाखवून येईन. आणि घे, मीच आधी बोलतो: चुकलं माझं.

तुझा,
सुभाष