दहीभात आणि उपाशी कावळा

झरी, कार्तिक, १९८९

डॉक्टर अंगदराव यांस बन्सीधरचा नमस्कार.

(पत्राच्या डोक्यावर श्री नाही. सुतक फिटलं, पण हात धजत नाही. आजवर तुम्हाला धाकटा मेहुणा म्हणून अरेतुरे केलं. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहात, तेव्हा यापुढे अहोजाहो.) तुमची प्रकृती बरी असावी. औरंगाबादच्या मेसमधल्या पोळ्या चाववतात का? तुमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्याकडेच आहेत आणि इथेच राहतील.

तुमची ताई हिवतापाने गेली हे गावाला पटत नाही. गोळ्या चालू होत्या, जंतू मेले होते, मग बाई कशी गेली? भावकीने निकाल दिला: तापात आईनेच लेकीला दहीभात चारला.

तुम्ही कळवलंत की जंतू शिरले की शरीरातल्या पेशी एकमेकींना रसायनांचे निरोप धाडतात, ताप त्यानेच चढतो आणि जंतूही त्यानेच मरतात. पण निरोप बेसुमार झाले की आपलंच शरीर होरपळतं. मला हे लगेच पटलं. तुमची ताई आजारी पडली तेव्हा मी ताडकळसला एकच सांगावा धाडला, सासूबाईंना बोलवायला. तो आठवडी बाजारात फुटला. ज्याने ऐकलं त्याने वाटेत आणखी चौघांना सांगितलं, आणि संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे मदतीलाच आलेले (एकाचाही हेतू वाईट नव्हता), आणि त्यांनी रांजण कोरडा केला, सरपण संपवलं, चहासाठी चूल एवढी पेटवली की छपराची वळचण जळाली. दुखणेकरणीची खाट शेवटी कडब्याच्या गंजीआड टाकावी लागली.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. आमचे चुलते भुजंगकाका सासूबाईंना म्हणाले, "कासाबाई, हात जोडा, चुकलं म्हणा." त्या उठल्याही. मी चारचौघांत बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी बोललो.

"न्हाई म्हणायच्या. कावळा उपाशी जायचा तर जाऊ द्या."

मग तुमचं पत्र काढून नदीवरच वाचलं. काका म्हणाले, "पोरगं अजून पास झालं न्हाई, अन् कावळ्याला शिकवायलंय." लोक हसले. मी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सासूबाईंना घेऊन घरी आलो. तेव्हापासून भावकी आमच्याकडे पाणी पीत नाही. पाणी भरायचा त्रास वाचला. मी कुणाची माफी मागणार नाही, सासूबाईंनाही मागू देणार नाही.

आपला,
बन्सीधर

ता. क. येत्या रविवारी या. गळ्यात ते तपासायचं नळकांडं असू द्या. सासूबाई दोन घासांवर उठतात. दह्याने काही झालं नाही असं मी सांगितलं की म्हणतात, "जावईबापू, तुमी माझं मन राखायलाव." तुमचं ऐकतील.

आणखी एक. निरोपांचं हे अजून खात्रीने सांगता येत नाही, संशोधन चालू आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलं होतं. नदीवर ते वाक्य मी गाळलं. आईंसमोर तुम्हीही गाळा. खात्री नसलेलं जे असेल ते मला सांगा.