शनिवारची दुरुस्ती

सुकापूर, नवीन पनवेल
शुक्रवार, ६ फेब्रुवारी

चि. पूर्वी हिस,

आशीर्वाद. ताईचा गुडघा आता जिना चढण्याइतका बरा झाला असेल असे धरून चालते. माझी प्रकृती ठीक आहे.

मुद्दा मांडण्याआधी घटना क्रमाने देते, म्हणजे निदान तपशिलावरून वाद होणार नाही. दोन वर्षांपूर्वी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आमच्या अभ्यासकेंद्राचे फेब्रुवारी महिन्याचे चालू घडामोडींचे संकलन छापून आले. पृष्ठे बावन्न, संपादन माझे. जूनच्या सोळा तारखेला तू केंद्रीय लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा दिलीस. ती तुझी तिसरी. त्याच संध्याकाळी आपण दोघींनी माझ्या घरी बसून प्रश्नपत्रिका तपासली. वीस तारखेला तू सामान बांधून करंज्याला परत गेलीस. पुढच्या वर्षी तू अर्ज भरला नाहीस. त्याच वर्षी आयोगाने आदल्या परीक्षेचे गुण जाहीर केले. गेल्या रविवारी बुधाजी भावोजी माझ्याकडे येऊन गेले. यंदाच्या अर्जाची मुदत याच महिन्यात संपते.

यातली एकही तारीख चुकलेली नाही. कागद लिहून झाल्यावर मी तो दोनदा पडताळला, आणि मग लक्षात आले की मी हे सगळे एखाद्या अहवालासारखे मांडले आहे, ज्यात कुणीच काही केलेले नसते. सगळे आपोआप घडलेले असते.

भावोजी आले ते सुके बोंबील घेऊन. पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्या घरी पाठ टेकून बसल्याचे मला स्मरत नाही. खुर्चीच्या कडेवर बसले आणि सरळ विषयाला आले.

"किशोरी, पोरगी फारम भरत नाय. यंदा पन नाय."

"काय म्हणते ती?"

"बोलते, बाबा, माज्या डोक्यात वाचलेलं उलटं बसतं. आता तूच सांग. मागल्या म्हैन्यात बंदरावर सायेब आलेले, जेटीच्या जागेसाटी. आमी सगले गप. ही पुडं झाली नि इंग्रजीत अशी भांडली तेंच्याशी, कलमाचा नंबर सांगून! आख्खी सोसायटी बगत होती. नि घरी येऊन बोलते, माजं डोकं चालत नाय. हे कसलं गो डोकं?"

मी म्हटले, मी पत्र लिहीन तिला.

"लिव. तुजं आयकते ती. आमचं कुटं आयकते?" आणि मग हसत हसत त्यांनी जे सांगितले, ते तुला कदाचित आठवतही नसेल. "तुला गंमत सांगतो. परीक्षेच्या आदी घरी आलेली. आमच्या विम्याचा फारम पडलेला कपाटावर. बोलते, बाबा, हा कामगार खात्याचा. मी बोल्लो, नाय गो, मच्छी खात्याचा हाय, माजी सही हाय त्यावर! तर बोलते, तुमचा फारम जुना असंल, मावशीनं लिवलंय. मी गप बसलो. मावशीनं लिवलंय म्हनजे झालं ना?"

त्यांनी चहा संपवला, कप स्वतः धुऊन ठेवला आणि उरणची गाडी पकडायला गेले. मी त्यांना काहीही सांगितले नाही. तोंड उघडले होते. बाहेर आले ते असे की, बोंबील छान वाळले आहेत.

आता ते लिहिते.

त्या वर्षी कळंबोलीतला एक वर्ग माझे मासिक संकलन शब्दशः उचलून स्वतःच्या नावाने वाटत होता. नाव घेण्याची त्या वर्गाची योग्यता नाही. ज्यांना तीन वर्तमानपत्रे आणि पत्रसूचना कार्यालयाची दोन निवेदने एकत्र वाचून चार वाक्ये लिहिता येत नाहीत, असे लोक मुलांना प्रशासनात पाठवायला निघाले होते. मला ते असह्य झाले. म्हणून मी फेब्रुवारीच्या अंकात एक नोंद जाणूनबुजून चुकीची छापली. नकलाकाराला पकडायला अशी एक नोंद पुरते. पृष्ठ एकतीस, मच्छीमारांच्या अपघात विम्याची योजना. मत्स्यव्यवसाय खात्याच्या जागी मी कामगार खाते लिहिले. विषय मी विचार करून निवडला होता: नवीन पनवेलात कुणाच्या घरी होडी आहे? कुणाला संशय येणार नाही.

आमच्या मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून शनिवारच्या तासाला मी दुरुस्ती तोंडी सांगितली. लेखी दिली असती तर तीही कळंबोलीला पोहोचली असती. बाहेर वाच्यता करायची नाही, असे मी प्रत्येकाकडून वदवून घेतले. एकेचाळीस मुलांनी पेन्सिलीने तो शब्द खोडला.

त्या शनिवारी तू वर्गात नव्हतीस. निबंधाच्या पुस्तिकेची प्रुफे आणायला मी तुला छापखान्यात पाठवले होते, कारण दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नव्हता. मुलांना वाटले, ही तर बाईंच्या घरीच राहते, हिला ठाऊक असणार. मला वाटले, संध्याकाळी जेवताना सांगू. संध्याकाळी तू प्रुफांमधल्या अकरा चुका काढून दाखवल्यास. मला त्यात बारावी सापडली, आणि आपण त्या एका चुकीवर तासभर बोललो.

अठराव्या दिवशी कळंबोलीच्या पुस्तिकेत माझे 'कामगार खाते' जसेच्या तसे अवतरले. आमचे संचालक इंद्रजीत सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या चुकासुद्धा लोकांना चोराव्याशा वाटतात!" मी पेढे वाटले. माझ्या आयुष्यात मी स्वतःहून पेढे वाटल्याचा तो एकच प्रसंग आहे. तू विचारलेस, "कसले गं, मावशी?" मी म्हणाले, "एक चोर पकडला." तू हसलीस आणि दोन खाल्लेस. त्या क्षणीही मला आठवले नाही.

जूनच्या त्या संध्याकाळी आठवले. प्रश्न वाचता वाचता तू थांबलीस.

"मावशी, हा विम्याचा. मी कामगार खातं केलंय."

माझ्यासमोर उत्तर होते आणि कारणही होते. मी म्हणाले, "मत्स्यव्यवसाय. इतकं सोपं कसं चुकलीस?"

"पण तुझ्या संकलनात…"

"माझ्या संकलनात बरोबर आहे. तू घाईत वाचलंस. तुझं वाचन उथळ आहे, पूर्वी. हे मी तीन वर्षं सांगते आहे."

तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी तुझ्या फळीवरून तो अंक काढला आणि माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला. बाहेर येऊन तू तो शोधलास. सगळे अंक उपसलेस. "इथेच होता गं," म्हणालीस. मी म्हणाले, वस्तू जागेवर ठेवायची सवय नसली की असे होते. त्यानंतरच्या चार दिवसांत तू तीनदा मला विचारलेस की आपण वाचलेले आपल्याला उलटे का आठवते. मी तुला बदाम खायला सांगितले.

मी हे लिहिताना कुठलेही विशेषण वापरलेले नाही. तू वापर.

गुण जाहीर झाले तेव्हा तू ते पाहिले नाहीस, हे ताईने सांगितले होते. अर्ज मीच भरला असल्यामुळे तुझा क्रमांक माझ्याकडे होता. तू एक पूर्णांक चौतीस शतांश गुणांनी राहिलीस. चुकलेल्या उत्तराचे वजा होतात सहासष्ट शतांश, बरोबर आलेल्याचे मिळतात दोन. बेरीज तू कर. मी ती मे महिन्यापासून रोज करते आहे. ती बदलत नाही.

गुण कळल्यावरही नऊ महिने मी गप्प का राहिले, याचे प्रामाणिक उत्तर लाजिरवाणे आहे. मी दोनदा मुलाखतीपर्यंत गेले आणि दोनदा यादीत माझे नाव नव्हते. त्यानंतर छापील अक्षरात माझे नाव जर कुठे आले असेल, तर त्या बावन्न पानांच्या पहिल्या पानावर. त्यात चूक नसते, एवढीच माझी ओळख होती. तुझे डोके आणि माझी ओळख यांतले एकच वाचणार होते, आणि मी निवड करायला एक क्षणही घेतला नाही.

तीन दिवसांपूर्वी मी इंद्रजीत सरांना सगळे सांगितले. मार्चच्या अंकात माझ्या सहीने जाहीर दुरुस्ती छापा, असे मी म्हणाले. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो मॅडम, दोन वर्षांपूर्वीचा अंक आहे कुणाकडे? पोरं परीक्षा झाली की किलोवर घालतात." त्यांचे बरोबर आहे. मी आज पाहिले. ती योजनाही आता दुसऱ्या योजनेत विलीन झाली आहे. जिथे दुरुस्ती करायची ती चूकसुद्धा आता कुणाच्या उपयोगाची राहिलेली नाही. ती फक्त तुझ्यात शिल्लक आहे.

मी अजून पहाटे पाचला उठते. वर्तमानपत्रे येतात, मी रेघा मारते. मात्र एक ओळ लिहिली की मला ती खरी वाटत नाही. मूळ बातमी पुन्हा उघडते, पुन्हा लिहिते, पुन्हा उघडते. जानेवारीचा अंक अजून छापखान्यात गेलेला नाही. मुलांना मी सांगितले आहे की बाईंचे डोळे दुखतात. त्यांनी विश्वास ठेवला. ते माझ्या प्रत्येक शब्दावर ठेवतात, आणि आता वर्गात उभी राहिले की मला त्याचीच भीती वाटते.

या पत्रासोबत तो अंक पाठवत आहे. एकतिसाव्या पानावर 'कामगार' या शब्दाखाली तू लाल शाईने दोन रेघा मारल्या आहेस आणि कडेला लिहिले आहेस: बाबांना सांगणे. तुझ्या गुणपत्रकाची प्रतही आहे. तू उलटे वाचले नव्हतेस. तू जे छापले होते तेच वाचलेस आणि तेच लक्षात ठेवलेस, अगदी नेमके. तुझ्या डोक्यात कधीही काही बिघडलेले नव्हते.

हे वाचून तू उठशील आणि अर्ज भरशील, असे मला वाटत नाही. तू हट्टी आहेस, आणि मोडलेली गोष्ट मोडल्याचे कारण कळल्याने जुळत नाही, हे मला माझ्या दोन मुलाखतींनी शिकवले आहे. तुझी दोन वर्षे मला परत देता येत नाहीत. क्षमा मी मागत नाही. ती मागितली की द्यायची जबाबदारी तुझ्यावर येते, आणि तुझ्यावर मी पुरेसे लादले आहे.

परंतु दोन प्रश्नांची उत्तरे मला हवी आहेत, आणि ती मागण्याचा अधिकार उरला नसतानाही मी ती मागते आहे. पहिला: तू यंदा अर्ज भरणार आहेस की नाही. दुसरा: भावोजींना, ज्यांनी आपल्या सहीचा कागद समोर असताना माझ्या छापील शब्दापुढे मान तुकवली, त्यांना हे मी येऊन सांगायचे की तू सांगणार.

फोन करू नकोस. फोनवर मी फार चांगले बोलते. तुला रडू येईल, तू 'जाऊ दे गं मावशी' म्हणशील आणि मी सुटेन. ताईकडून निरोपही पाठवू नकोस. उत्तर लेखी दे. 'नाही' आणि 'नाही' एवढेच असले तरी चालेल; मात्र तुझ्या अक्षरात, तारखेसह, खाली तुझी सही घालून. मुदत संपण्यापूर्वी ते माझ्या हाती पडले पाहिजे.

तोवर कोणतेही नाते न लिहिता,

किशोरी