लग्नपत्रिकेचा तुकडा

८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा बरा आहे. हल्ली ती जिन्याला शिव्या न देता वर येते. मी औषधांच्या गोदामात तेच करतो, खोकी मोजतो आणि चिकटपट्ट्या सरळ लावतो.

वाईट बातमी तुझ्या एअर रायफलची आहे. क्लबच्या मिस्त्रींनी साफसफाई करून परत दिली आणि तिचा नेमच गेला. एका जागी रोखून पाच छर्रे मारले तर पाच दिशांना जातात. निवड चाचणीत माझी पार फजिती झाली. शेजारी उभे असलेले वकील माझा टार्गेटचा कागद पाहून म्हणाले, की आता घरी चाळणी विकत घ्यायला नको. मी समितीकडे लेखी तक्रार दिली. अध्यक्षांनी ती सर्वांसमोर वाचली, इतकी नेटकी तक्रार आजवर आली नव्हती म्हणाले, आणि फळ्यावर लावली. चौकशी होईपर्यंत मिस्त्रींचं काम बंद केलं आहे.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बारक्या

१४ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

दहावीच्या आधीच शाळेला रामराम ठोकलास, पण तक्रारीत एकही वेलांटी चुकली नसणार, याची मला खात्री आहे. तरी घाई केलीस. त्या मिस्त्रीकाकांनीच मला रायफल खांद्याला लावायला शिकवलं. क्लबचं काम गेलं तर या वयात ते दुसरीकडे कुठे जातील?

दस्त्याचा पुढचा स्क्रू आहे ना, त्याच्याखाली माझ्या लग्नपत्रिकेचा तुकडा आहे. नळी दस्त्यावर नीट बसत नव्हती. काकांनी आणि मी हाताला लागेल तो कागद कापून पाहिला, शेवटी पत्रिकाच हवी तेवढी जाड निघाली. तुझे भाऊजी अजून म्हणतात, की आपल्या लग्नाचा एवढाच काय तो उपयोग. तो तुकडा सरकला की छर्रे पांगतात. काकांनाच उघडून बघायला सांग. तू मात्र स्क्रूला हात लावू नकोस. सभासदाने रायफल स्वतः उघडली तर क्लब त्याला काढून टाकतो, ठाऊक आहे ना?

आईला जप, आणि जेवत जा.

तुझी,
ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. समितीने दुसऱ्या माणसाकडून रायफल उघडून घेतली. स्क्रूखाली काही नाही. मिस्त्रींचं म्हणणं, त्यांनी तुकडा होता तसा परत बसवला होता. अध्यक्षांनी मला विचारलं, की घरी तू उघडली होतीस का. मी नाही म्हटलं. तेव्हा मिस्त्रींनीच तो टाकला असणार.

गोदामात काम फार आहे, म्हणून पत्र लहान. राग नसावा.

बारक्या

२७ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि तडक काकांना फोन लावला. मीच त्यांना नको नको ते बोलले. म्हटलं, डोळ्यांना दिसत नसेल तर दुसऱ्याच्या वस्तूला हात कशाला लावायचा? आणि वर खोटं कशाला बोलायचं? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, की पत्रिका उरली असेल तर पाठव, नवा तुकडा कापून देतो.

ते उलटून बोलले असते तर बरं झालं असतं. फोन ठेवल्यापासून मला घास गोड लागत नाही. शेवटची उरलेली पत्रिका सोबत आहे. त्यांच्या हातात नेऊन दे.

तुझी,
ताई

५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून पुन्हा लिहिलं. रायफल मी उघडली होती.

मिस्त्रींनी पुसलेलं मला पुरेसं स्वच्छ वाटलं नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे. घरी स्क्रू काढला, खाली कळकट कागद दिसला, तो कचरा समजून केरात टाकला. तक्रार लिहिताना ते खरंच ध्यानात आलं नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं, की तो कागद म्हणजे तुझ्या पत्रिकेचा तुकडा. तेव्हाच सांगायला हवं होतं. क्लबमधून काढतील, सगळे हसतील, या भीतीने खोटं बोललो. आणि तुझ्या तोंडून त्यांचा अपमान करवला.

पत्रिका घेऊन मिस्त्रींच्या घरी गेलो. स्टुलावर बसून ते कुणाचा तरी पंखा दुरुस्त करत होते. सगळं सांगितलं. स्क्रूच्या खाचेवर चुकीच्या पेचकसाचा ओरखडा त्यांनी चौकशीतच पाहिला होता. मग समितीत बोलला का नाहीत, असं विचारलं, तर म्हणाले, वाटलं होतं पोरगा आपण होऊन येईल. फक्त वाट जरा जास्त पाहावी लागली. मला वर बघवेना.

समितीपुढे कबुली दिली. ती लेखी मागितली, म्हणून तिथेच लिहिली. माझी तक्रार मी परत मागितली, ती मिळाली नाही. आता फळ्यावर दोन्ही कागद शेजारी शेजारी आहेत, एकाच अक्षरात. लोक पहिला वाचतात, दुसरा वाचतात, मग वळून मला शोधतात. वकीलसाहेबांनी दोन्ही वाचले आणि मान वळवून आपल्या जागी गेले. चाळणीवरून चिडवलं असतं तर चाललं असतं.

मिस्त्रींचं काम पुन्हा सुरू झालं. माझं सभासदत्व गेलं. सामान घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्यासमोर तुकडा कापून बसवला आणि स्वतः पाच छर्रे मारले. कागदावर एकच भोक पडलं. तो कागद त्यांनी मला दिला. घरात कुठे ठेवावा ते समजेना, म्हणून तुला पाठवतो आहे. रायफलही आता तूच घेऊन जा.

काकांना फोन करशील तेव्हा माझी बाजू घेऊ नकोस. जमलं तर माया कमी करू नकोस.

तुझा,
बारक्या