जामखेडचे अलर्ट

मंगळवार, संध्याकाळ. सावेडी.

दादा गेल्यावर पतसंस्थेच्या नेटवर्कचं त्याचं काम माझ्याकडे आलं. कोपरगावची लाईन बंद पडली की मोबाईलवर अलर्ट येतो, जामखेडचा येतच नाही. आज ती शाखा दुपारभर बंद, मला पत्ता नाही. साहेबांची बोलणी खाल्ली. अलर्ट पुढे पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचं सेटिंग पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी दादानेच घातलेला नियम सापडला: जामखेडचे अलर्ट गाळायचे. का पण? वैतागून तिथल्या शिपाईकाकांना फोन लावला.

"लाईट रोजच जाती इथं, संगं लाईन बी बंद पडती. तुमचे दादा दुपारी फोन करून इचारायचे. तुमी केला का कधी?"

नियम काढला. जामखेडचे अलर्ट येऊ लागले. एवढं तरी सांगायचं होतंस, दादा. एकाच घरात राहत होतो आपण.